फांदीवरचं आणि बिळातलं

सह्याद्रीतले शेजारी : लेखांक ९

मागच्या आठवड्यात राज्यचिन्हांबद्दल लिहिलं, त्यावर एका शाळेतल्या बाईंचं पत्र आलं. चौथीच्या वर्गात पोरांनी त्यांना विचारलं होतं, "बाई, शेकरू राज्यप्राणी आहे, म्हणजे ते सगळ्यात जास्त धोक्यात असणार ना?" बाई 'हो' म्हणून मोकळ्या झाल्या आणि मग घरी आल्यावर त्यांना शंका आली. बाई, उत्तर चुकलं. पण फार मनाला लावून घेऊ नका. अभयारण्याच्या फलकापुढे उभं राहून फोटो काढणाऱ्या बहुतेकांनी हेच उत्तर दिलं असतं.

आययूसीएन या जागतिक संघटनेची जी लाल यादी आहे, तिच्यात शेकरू 'लीस्ट कन्सर्न' या सगळ्यात निवांत पायरीवर बसलेलं आहे. आपल्या भाषेत, 'तूर्त फारशी काळजी नाही'. त्याच सह्याद्रीत, कधी कधी त्याच झाडाच्या बुंध्याशी बीळ करून राहणारं खवले मांजर मात्र 'एन्डेंजर्ड', म्हणजे संकटग्रस्त. एकाचं नाव पहिलीच्या पोरालाही पाठ. २०२२ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीच्या राजपथावर महाराष्ट्राचा चित्ररथ निघाला, त्यातही शेकरू होतंच. दुसऱ्याचं नाव काढलं की अजून लोक विचारतात, "म्हणजे कुठलं मांजर?"

तर आज या दोघांना शेजारी शेजारी ठेवून बघू. दोघांचं एकमेकांशी नातं काय, इथूनच गंमत सुरू होते.

शेकरू ही खार. खार म्हणजे कृंतक, उंदराच्या गणगोतातली. सस्तन प्राण्यांच्या वंशवृक्षाला ज्या मोठ्या फांद्या फुटल्या, त्यांतल्या एकीवर उंदीर-खारी आहेत, ससे आहेत, माकडं आहेत आणि आपणही आहोत. दुसऱ्या फांदीवर गाई-घोडे, वटवाघळं, वाघ-कुत्री आणि खवले मांजर. या दोन फांद्या फुटल्या तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर अजून नांदत होते, असा जनुकांवरून काढलेला अंदाज आहे. म्हणजे शेकरू हे खवले मांजराला जेवढं जवळचं, त्याहून ते हा लेख वाचणाऱ्या तुम्हाला जवळचं. आणि खवले मांजराचे आज हयात असलेले सगळ्यात जवळचे भाऊबंद कोण, तर मांसाहारी गणातले प्राणी: मांजरं, कुत्री, अस्वलं. अंगावर माशासारखे खवले, तोंडात एक दात नाही, खाणं मुंग्यांचं, तरी आपल्या कुठल्याशा पूर्वजानं त्याला 'मांजर' म्हटलं. नेम अगदीच चुकला नव्हता म्हणायचा.

शेकरू मी पहिल्यांदा पाहिलं ते कानानं. भीमाशंकरला, गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर, उंबराखाली बूट सैल करून बसलो होतो. वरून टप् टप् काही पडायला लागलं. पाहिलं तर उंबरं, प्रत्येकाला एक चावा घेतलेला. हा कसला उधळ्या माणूस, म्हणून वर बघितलं. फांदीला मागच्या पायांनी पकडून एक जनावर उलटं लोंबकळत होतं. फांदीच्या एका बाजूला डोकं आणि धड, दुसऱ्या बाजूला शेपूट. तराजूच्या दोन पारड्यांसारखं. पुढचे दोन्ही हात मोकळे, आणि त्या हातांत उंबर फिरवून फिरवून कुठे चावायचं ते ठरवत होतं. पाठ पिकल्या चिंचेच्या रंगाची, पोट सायीसारखं, शेपटीचं टोक फिकट. मी हललो तशी त्यानं एक खर्खर्खर् अशी आरोळी ठोकली, फांदीला पोट चिकटवलं आणि गोठून गेलं. पाच मिनिटं तसंच. मी कंटाळलो, ते नाही.

धड फूटभराहून थोडं मोठं, शेपूट धडाहून लांब, वजन दीड-दोन किलो. भारताबाहेर हे जनावर कुठेच नाही. पश्चिम घाट, सातपुड्याचा पट्टा, मध्य भारत आणि पूर्व घाट एवढ्यात त्याचं सगळं विश्व. आपल्याकडे भीमाशंकर, फणसाड, मेळघाट ही त्याची जाहीर ठिकाणं. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झालं ते मुख्यतः त्याच्यासाठी. सुमारे १३१ चौरस किलोमीटर, पुणे-रायगड-ठाणे या तीन जिल्ह्यांत पसरलेलं. (उडती खार वेगळी बरं का. तिला आपल्याकडे पाखरू म्हणतात, ती रात्री निघते आणि अंगाच्या पडद्यावर तरंगत जाते. शेकरू दिवसाचं जनावर, आणि ते उडत नाही, उडी मारतं. कितीतरी माहितीपत्रकांत हा घोळ छापलेला आहे.)

ही उडी महत्त्वाची. वीस फुटांपर्यंत, म्हणजे साधारण सहा मीटर. शेकरू जमिनीवर येतं ते नाइलाजानं, एरवी त्याचा सगळा संसार वर. एक शेकरू एकाच झाडावर राहत नाही. बारीक काटक्या आणि पानं विणून ते फांदीच्या टोकाशी, जिथे जडशीळ शत्रूला येता येणार नाही अशा जागी गोल घरटी बांधतं, आणि एक बांधून थांबत नाही. झोपायला एक, दुपारच्या वामकुक्षीला दुसरं, पिल्लांसाठी तिसरं. वनखातं शेकरांचा अंदाज घरटी मोजून घेतं, पण घरटी दिसली तितकी शेकरं असा हिशेब करता येत नाही. एका जिवाची घरं अनेक. पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नसावी.

आता या सहा मीटरच्या उडीपुढे आपला रस्ता ठेवा. दुपदरी रस्त्याचं नुसतं डांबरच सात मीटर रुंद. दोन्ही बाजूंची साईडपट्टी, गटार आणि 'रस्त्याला धोकादायक' म्हणून तोडलेली झाडं धरली की झालं पंधरा-वीस मीटरचं भगदाड. वरून फांद्या जुळलेल्या असतील तर खालून कितीही गाड्या जाऊ द्यात, शेकराला पत्ता नसतो. फांद्या तुटल्या की तो रस्ता त्याच्यासाठी नदी होतो. त्यासाठी कोणाला बंदूक लावावी लागत नाही. हळूहळू रान कापडासारखं उसवत जातं आणि एकेका तुकड्यात दोन-चार शेकरं अडकून पडतात, तिथल्या तिथे जोड्या जमवतात. तमिळनाडूत वालपराईला सिंहपुच्छ माकडांसाठी रस्त्यावरून दोरांचे पूल टांगले आहेत. आपल्या घाटरस्त्यांच्या निविदेत असं एखादं कलम घालायला किती पैसे लागतील? डांबराच्या खर्चात ते हरवून जातील.

भीमाशंकरला शेकरू टिकलं याचं निम्मं श्रेय देवराईला आहे. देवाची म्हणून राखलेली जुनी झाडं, त्यांच्या एकमेकांत गुंतलेल्या फांद्या, हिरडा, जांभूळ, आंबा, उंबर असा बारमाही फराळ. अभयारण्याच्या कितीतरी आधीपासून ही सोय तिथल्या महादेव कोळी मंडळींनी लावून ठेवलेली होती.

आता दुसरा शेजारी.

रानात जिवंत खवले मांजर मी कधीही पाहिलेलं नाही. इतकी वर्षं फिरतो आहे, तरी नाही. संगमेश्वरच्या बाजूला एका काजूबागेत मात्र त्याच्या घरापर्यंत पोचलो. बागेच्या मालकांनी, सत्तरीतल्या आजोबांनी, गडग्याला लागून असलेलं वारूळ दाखवलं. कडक उन्हानं दगड झालेलं ते वारूळ एका बाजूनं मडकं फोडावं तसं फोडलेलं होतं. हाताचा पंजा आत जाईल एवढं भोक, त्याच्या कडेला नांगरल्यासारख्या तीन खोल रेघा, आणि धुळीत शेपूट ओढल्याची पुसट खूण. "खवल्या होय? येतो की कधीमधी," आजोबा म्हणाले. "पण माणसाला दाखवायला येत नाय." पुढे त्यांनी सांगितलेलं जास्त लक्षात राहिलं. त्यांच्या लहानपणी वर्षातनं चार-पाच वेळा तरी दिसायचं. शेवटचं कधी पाहिलं, ते त्यांना आठवावं लागलं.

त्याचं शास्त्रीय नाव मॅनिस क्रॅसिकॉडाटा. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ जाडशेपट्या. 'पँगोलिन' हे नाव मलय भाषेतून आलं, अर्थ गुंडाळी होणारा. जगात आठ जाती: चार आशियात, चार आफ्रिकेत. भारतात दोन, त्यांतली चिनी जात ईशान्येकडे, आपल्याकडची ही भारतीय. वजन दहा ते सोळा किलोच्या घरात. अंगावर दीडशेच्या वर, दोनशेपर्यंत खवले. त्यांचंच वजन अंगाच्या वजनाचा मोठा वाटा खातं. दात नसल्यामुळे जीभ चिकट आणि इतकी लांब की तिचं मूळ गळ्यात संपत नाही, छातीतून मागे जातं. चावायचं काम पोट करतं: खाताना गिळलेले खडे जात्यासारखे मुंग्या दळतात. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं आणि ते आईच्या शेपटीच्या बुडाशी बसून फिरतं.

आणि खवला म्हणजे तरी काय? केराटिन. आपली नखं, केस, गेंड्याचं शिंग ज्याचं बनतं तेच द्रव्य. त्यात औषधी गुण असल्याचं सिद्ध झालेलं नाही. नखं कात्रीनं कापून टाकून देतो ना आपण, तेच.

धोका वाटला की खवले मांजर पळत नाही. पोट आत घेऊन शेपटीत तोंड खुपसतं आणि चेंडू होतं. बिबट्याला हा चेंडू उलगडत नाही, तो पंजा मारमारून कंटाळतो. माणसाला उलगडायची गरजच पडत नाही. तो चेंडू उचलतो आणि गोणीत भरतो. लाखो वर्षं कामी आलेला डाव आणि समोर एक गोणपाट. एवढ्यावर सगळं संपतं.

इथून लाल यादीकडे वळू, कारण बाईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. १९६४ पासून चालू असलेली ही यादी प्राणी किती देखणा किंवा आपल्याला किती लाडका हे बघत नाही. तिच्या कसोट्या कोरड्या आहेत. संख्या किती वेगानं घटते आहे, वावर किती चौरस किलोमीटरवर आहे, एकूण प्रौढ प्राणी किती उरलेत, असं ती विचारते. त्यांतली पहिली कसोटी बघा. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांतला जो काळ मोठा असेल त्यात, संख्या निदान तीस टक्के घटली तर 'असुरक्षित', पन्नास टक्के घटली तर 'संकटग्रस्त', ऐंशी टक्के घटली तर 'अतिसंकटग्रस्त'. (घटीची कारणं कळलेली असून थांबलेली असतील तर हे आकडे थोडे वर सरकतात, ते सोडा.) खवले मांजर दुसऱ्या पायरीवर आहे ते या वेगामुळे. रात्री निघणारं, बिळात झोपणारं हे जनावर मोजायला सापडत नाही. त्यामुळे घटीचा अंदाज बांधला जातो तो पकडलेल्या मालावरून आणि आपल्या काजूबागेतल्या आजोबांसारख्यांच्या आठवणींवरून. चोराच्या पोत्यावरून घरातल्या ऐवजाचा हिशेब लावण्यासारखं आहे हे. पण तेवढंच हाताशी असतं.

शेकरू 'काळजी नाही'च्या पायरीवर आहे ते त्याचा वावर मोठा आहे आणि अनेक अभयारण्यांत ते बऱ्यापैकी दिसतं म्हणून. त्याच नोंदीत 'संख्या घटती' हेही लिहिलेलं आहे, ते सहसा कोणी वाचत नाही. शिवाय यादी सबंध जातीची गोळाबेरीज करते, एकेका डोंगराची नाही. आपल्या शेजारी डांगच्या जंगलात फिकट, पांढरट रंगाची शेकरांची एक उपजात होती. ती तिथून नाहीशी झाली असं मानलं जातं. यादीतल्या पायरीवर त्याचा ओरखडाही उठला नाही.

कायद्यानंही दोघांना वेगळं तोललं होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या रचनेत खवले मांजर वाघाच्या पंक्तीला पहिल्या अनुसूचीत, तर शेकरू दुसऱ्या अनुसूचीत होतं. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या 'साइट्स' करारातही शेकरू दुसऱ्या परिशिष्टात. खवले मांजरं मात्र २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत आठच्या आठ जातींसकट पहिल्या परिशिष्टात गेली. म्हणजे त्यांचा व्यावसायिक व्यापार देशोदेशी बंद. कागदावर.

कागदाबाहेर काय आहे? एप्रिल २०१९ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका आठवड्यात दोन खेपा पकडल्या. नायजेरियाहून व्हिएतनामकडे निघालेल्या. दोन्ही मिळून पंचवीस टनांहून जास्त नुसते खवले. तो माल आफ्रिकेचा होता, पण गणित तेच. पूर्व आशियातली खवले मांजरं संपत आली, तशी व्यापाऱ्यांची नजर आफ्रिकेवर आणि आपल्यावर फिरली. 'ट्रॅफिक' ही संस्था आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांनी भारतातल्या जप्त्यांचा ताळा मांडला. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत ३४२ घटना, १,२०३ खवले मांजरं. सगळ्यात वर ओडिशा. दुसरा क्रमांक महाराष्ट्राचा: ४७ जप्त्या, १३५ जनावरं. ही फक्त पकडलेली. २०२० साली चीननं आपल्या अधिकृत औषधसंहितेतून खवले वगळले, ही चांगली बातमी. पण मागणी एका सहीनं मरत नाही. आणि आपल्याकडे तर चीनचं नाव घ्यायचीही गरज नाही. 'पैशांचा पाऊस' पाडून देतो म्हणणारे भोंदू मांडुळाच्या जोडीला खवले मांजरही मागतात आणि शिकलीसवरलेली माणसं पैसे मोजतात. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा होऊन दशक उलटलं, तरी हा पाऊस काही थांबत नाही.

म्हणून दोघांना 'वाचवणं' हे एकच काम नाही. शेकरासाठी लढाई जागेची आहे. झाडं राखा, फांद्या जुळत्या ठेवा, रस्ते आखताना वर बघा, बाकीचं ते स्वतः करतं. त्यात वनखात्याइतकाच सार्वजनिक बांधकाम खात्याचा हात लागतो. खवले मांजराच्या बाबतीत नुसती जागा राखून भागत नाही. ज्याला भाव आहे ते अभयारण्यातूनही उचललं जातं. त्यात कोकणात रानाचा फार मोठा भाग खासगी मालकीचा. तिथे वनरक्षक किती आणि कुठे कुठे पुरणार? तिथे पहारा बागमालकाचा, गुराख्याचा आणि गावच्या पोलीसपाटलाचा. पिंजऱ्यात पाळून वंश वाढवायचा म्हटलं तर तेही सोपं नाही. खवले मांजर बंदिवासात ताण घेतं, मुंग्यांखेरीज दुसरं खायला लावणं जिकिरीचं. ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात त्याच्या प्रजननाचं केंद्र आहे, पण बाजार ज्या वेगानं उचलतो त्या वेगानं कुठलंही केंद्र भरून देऊ शकणार नाही.

मला स्वतःला आशा वाटते ती चिपळूणकडे बघून. वेळासच्या कासवांसाठी ज्यांनी किनारा जागता ठेवला, त्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं खवले मांजराचं काम हातात घेतलं. गावागावांत बैठका, रानात कॅमेरे. आणि दुगवे गावात 'खवलोत्सव'. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी नाचते तशी खवले मांजराची प्रतिकृती पालखीत घालून गावानं नाचवली. पोस्टर छापून जे साधलं नसतं ते यात साधतं, असं माझं मत. पालखीत बसलेल्याला गोणीत भरायला कोकणी माणसाचा हात सहजी उठत नाही.

फेब्रुवारीचा तिसरा शनिवार हा जागतिक पँगोलिन दिन. बाई, त्या दिवशी वर्गात पोरांना हे दुसरं उत्तर सांगा.

आणि बाकीच्यांना एक विनंती. रात्री घराच्या गडग्याशी, गोठ्यात, विहिरीच्या कठड्याजवळ खवले मांजर आलंच, तर त्याला काठी लावू नका, टोपलीखाली झाकू नका, त्याला पाहायला गाव गोळा करू नका. वाट मोकळी ठेवलीत तर ते आपलं आपण निघून जातं. जखमी असेल, विहिरीत पडलं असेल किंवा कोणी धरून ठेवलंय अशी कुणकुण लागली, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. फोटो काढायचा मोह आवरला नाही तर काढा. पण तो व्हॉट्सॲपवर टाकताना गावाचं नाव लिहू नका.